वैशाखाचा रकाना

मराठवाड्यात वैशाखात कोणी हौसेने जात नाही. मीही हौसेने गेलो नव्हतो. माझा मुलगा दिनकर जालन्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. फाल्गुनात विषमज्वराने तो तिथेच गेला. तार कोकणात आमच्या गावी पोचली तेव्हा अग्निसंस्कार होऊन गेला होता. बाकीचे विधी मी घरी केले, आणि दोन महिन्यांनी त्याचे सामान आणायला निघालो. चार दिवसांत परत येतो असे घरी सांगितले होते. परत यायला तीन आठवडे लागले. ते का लागले, ते लिहून ठेवतो.

जालना

मनमाडला मोठी गाडी सोडून लहान रुळांच्या गाडीत बसलो, तेव्हा आपण दुसऱ्या राज्यात, हैदराबाद संस्थानात, चाललो आहोत हे पाट्यांवरून कळले. उर्दू वर, बाकीच्या लिप्या खाली. आमच्या बाजूचे नाणे इथे बदलून घ्यावे लागते. टांगेवाला, पोस्टातला कारकून, भाजीवाली, सगळ्यांच्या मराठीत ‘जल्दी’ आणि ‘बिलकुल’ इतके मुरलेले की ते शब्द काढून घेतले तर वाक्य लंगडेल.

सगळ्यात नवल वाटले ते छपरांचे. आमच्याकडे प्रत्येक छप्पर उतरते असते, पाणी लवकर जावे म्हणून. इथली छपरे सपाट आणि मातीची. माळवद म्हणतात त्याला. त्यावर माणसे बसतात, मिरच्या वाळवतात, उन्हाळ्यात झोपतात. ज्या मुलखात पावसाची भीती नाही तिथे घर असे बिनधास्त पडून राहते, असे मला वाटले.

दिनूची खोली अशाच एका माळवदाखाली होती. एक खाट, कंदील, पुस्तकांची पेटी, एक पत्र्याचा डबा, दोन लहान बांबूचे पिंजरे मलमलीने मढवलेले, आणि एक जाड वही. पिंजरे बघून मला प्रथम वाटले पाखरे पाळली असतील. मग वही उघडली.

वही ओझोनची होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही ते त्याच वहीवरून कळले. ओझोन हा हवेतलाच एक वायू, प्राणवायूचेच जरा तिखट रूप. जवळपास वीज पडली की जो उग्र वास येतो तो त्याचा. तो हवेत किती आहे हे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे. टिपकागदाच्या पट्टीला खळ आणि आयोडीनचा एक क्षार लावून ती अंधारात वाळवायची. दिवसभर सावलीत, पण वाऱ्यात टांगायची. संध्याकाळी पाण्यात बुडवून काढली की ती जांभळी-निळी होते. जितका ओझोन जास्त, तितकी निळाई गडद. दिनूने स्वतः रंगवलेली एक रंगपट्टी वहीला चिकटवली होती, पांढऱ्यापासून शाईसारख्या निळ्यापर्यंत, शून्य ते दहा.

तो मला दर पत्रात या कागदांविषयी लिहीत असे. मी त्याच्या पत्रांना नियमाने उत्तर देई. प्रकृती, जेवण, पगार, लग्नाचा विचार, सगळ्याला. ओझोनचा परिच्छेद तेवढा वगळून.

वहीत तीन गावे होती. दक्षिणेला गोदावरीच्या बाजूचे जांब, मध्ये जालना, उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगराखालचे धावडा. प्रत्येक गावापुढे पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असे तीन रकाने. पहिले दोन भरलेले. पावसाळ्यात आकडे मोठे, जांबला तर आठापर्यंत. हिवाळ्यात ते निम्म्यावर आलेले. उन्हाळ्याचा रकाना तिन्ही गावांपुढे कोरा. शेवटच्या पानावर हैदराबादच्या एका प्राध्यापकांना लिहिलेल्या पत्राचा कच्चा मसुदा होता: ‘दख्खनच्या पठारावर जमिनीलगतचा ओझोन पावसाळ्यात सर्वाधिक असतो, नदीकाठी अधिक, माळावर कमी. उन्हाळ्यात तो जवळजवळ नाहीसा होत असावा. वैशाखाचे आकडे हाती येताच हे पक्के म्हणता येईल.’

सोबत प्राध्यापकांचे पत्र. पाऊस सुरू होण्यापूर्वी वही पाठवावी, योग्य वाटल्यास विद्वानांच्या बैठकीत दिनूच्या नावाने वाचून दाखवू, असे त्यात होते.

मी खाटेवर बसून राहिलो. डब्यात दिनूने केलेल्या पट्ट्या शिल्लक होत्या, मोजक्या. तशा करणे मला जमण्यासारखे नव्हते. पण टांगणे, काढणे, रंग ताडणे एवढे कोणालाही जमावे. मुलाची वही एका रकान्यासाठी अपुरी राहू द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच मी दोन्ही पिंजरे माळवदावर, टोपल्यांच्या सावलीत टांगले. तो नेहमी दोन टांगत असे, एकाची साक्ष दुसऱ्याला. संध्याकाळी दोन्ही पट्ट्या पाण्यातून काढल्या. अगदी फिकट, जांभळाची साल चोळल्यासारखी छटा. दोन्ही एक. मी पेनने ‘१’ लिहिला. दिनूने म्हटल्याप्रमाणेच झाले होते, आणि मला फार दिवसांनी बरे वाटले.

जांब

गाडीवान लिंबाजी. दिनूलाही तोच नेत असे. चाळिशीचा, अंगाने काटक. त्याच्या आज्यापर्यंत मेंढ्या होत्या, आता थोडी जमीन आणि ही बैलजोडी. वाटेभर तो बोलत होता आणि मी ऐकत होतो.

“गुरुजी, तुमी कायतरी बोला बघा. बैलांना वाटून राह्यलं, गाडी रिकामी हाय.”

“काय बोलू?”

“कायबी. दिनूमास्तर तर बोलून बोलून डोकं खायचे. ह्याच जागी बसायचे, डबा मांडीवर धरून. मी म्हनलो, मास्तर, आत अंडी हायेत का? उबवून राह्यले काय?”

मी हसलो. डबा माझ्याही मांडीवरच होता.

दुधना नदीचे पात्र कोरडे पडले होते. वाळूत बायकांनी हातभर खोल खड्डे केले होते. त्यात तळाशी पाणी झिरपते, ते वाटीने घागरीत भरायचे. एक घागर भरायला लागणाऱ्या वेळात आमच्याकडे बायका विहिरीवर अख्खे घर धुऊन काढतील. तरी गाडी थांबताच त्यातल्या एकीने न विचारता तांब्या पुढे केला. मला तो पुरा पिणे जिवावर आले. अर्धा पिऊन परत दिला, तर तिने राग धरला. “सांडायचं असंल तर मागायचं न्हाई, प्यायचं असंल तर टाकायचं न्हाई,” म्हणाली. मी मागितलेही नव्हते, पण मुकाट्याने तांब्या रिकामा केला.

जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा आणि दाण्याची चटणी. मला भाताची सवय, पहिले दोन दिवस पोट भरल्यासारखे वाटेना. तिसऱ्या दिवशी उन्हात त्या भाकरीने जो आधार दिला तो भाताने दिला नसता हे मान्य करतो.

वाटेत मी दिनूच्या कात्रणांचा गठ्ठा वाचत होतो. विलायतेत आता कागद मागे पडले आहेत. सूर्याच्या किरणांवरून, आकाशात उंचावर ओझोन किती आहे हे मोजणारी यंत्रे निघाली आहेत. तो सगळा गोळा करून जमिनीवर पसरला तर त्याचा थर एका पातळ भाकरीहून जाड भरणार नाही. आणि हा थर सगळीकडे सारखा नाही. विषुववृत्ताकडे पातळ, उत्तरेकडे जाड. उत्तरेत वसंतात वाढतो, शरदात घटतो. आपल्याकडे ऋतूंचा फरक थोडा. उन्हानेच तो वर तयार होतो आणि वाऱ्याबरोबर थोडा खाली येतो. हे वाचून मी मान वर केली. चहूकडे भेगाळलेली काळी जमीन, पांढरे आकाश, झळा. उन्हाने जो होतो तो इथेच कसा नाहीसा होतो? पण मी शाळेत व्याकरण आणि भूगोल शिकवलेला माणूस. दिनूने विचार केला असेल, असे म्हणून कात्रण मिटले.

जांब हे समर्थांचे जन्मगाव. यात्रेचे दिवस सरले होते, मंदिरात सावली आणि शांतता होती. दर्शन घेऊन एक पिंजरा मंडपाच्या कडेला, एक बाहेर निंबापासून दूर टांगला. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, “हे काय मोजता म्हनं?”

“हवा.”

“मंग आमच्या गावची किती भरली?”

“अजून संध्याकाळ व्हायचीय.”

“जास्त भरली तर सांगू नका कुनाला. सरकार हवेवर बी पट्टी बसवंल.”

पार हसला. तेवढ्यात वावटळ उठली. धुळीचा खांब नाचत आला आणि बाहेरचा पिंजरा घेऊन शेतात गेला. लिंबाजी धोतर सावरत मागे धावला, दोनदा हात लागला, दोनदा सुटला, आणि पारावरून त्याला “डावीकडनं धर! आरं डावीकडनं!” असा सल्ला मिळत राहिला. पिंजरा सापडला. पट्टी धुळीने माखलेली. ती टाकून दुसरी लावावी लागली. मला तो तोटा फार लागला. दुसरी पट्टी होती, पण ती करणारा हात आता नव्हता.

जांबला दोन दिवस राहिलो. दोन्ही दिवशी आकडा आला एक. पावसाळ्यात याच मंडपात आठ होता.

राजूर, भोकरदन

पुन्हा जालन्यावरून उत्तरेला वळलो. राजूरला गणपतीचे दर्शन घेतले आणि पुढे गिरजा नदीचे पात्र ओलांडले. भोकरदनच्या अलीकडे मला ऊन लागले. माझा हट्ट असा की दुपारी थांबायचे नाही, पाऊस येण्याआधी वही हैदराबादला पोचली पाहिजे. लिंबाजी म्हणत होता, “ह्या टायमाला कावळा बी घरी बसतोय.” मी ऐकले नाही. मग डोळ्यांपुढे पिवळे दिसू लागले आणि मी गाडीतच कलंडलो.

त्याने गाडी एका चिंचेखाली सोडली, कांदा ठेचून माझ्या कानशिलांवर आणि तळपायांना चोळला. “लेक गेला तापानं, आन् तुमी उन्हानं जाता काय? मंग मला कोन इचारंल, दोघांलाबी तूच नेलं म्हनून?” हे त्याने रागाने म्हटले. त्याच्या मनात हे आधीपासून होते हे मला तेव्हा कळले. दिनूला ताप भरला तेव्हा जालन्याला डॉक्टरकडे यानेच आणले होते.

धावडा

धावड्याला पोचलो तेव्हा उत्तरेला डोंगराची रांग निळसर दिसत होती. गाव शेतकऱ्यांचे. लिंबाजीची थोरली बहीण गिरजाबाई इथे दिलेली, दिनू तिच्याच घरी उतरत असे. तिचे यजमान शेतात होते. पन्नाशीची, उंच, डोक्यावर पदर घट्ट. तिने माझ्याकडे नीट पाहिले.

“दिनूचे बाबा. नाक त्येच हाय.”

एवढे बोलून ती पाय धुवायला पाणी घेऊन आली. रडली नाही. आमच्याकडे अशा वेळी बायका दारातच सुरू होतात. ती जे बोलली ते जेवताना. “पयल्यांदा आल्ता तवा भाकर पुढं ठिवली, तर बघतच बसला. म्हनलं, भाताच्या मुलखातलं लेकरू, ह्याला तोडता येती का न्हाई?”

“मग?”

“मंग काय! चार खाल्ल्या. उपाशी राहनाऱ्यातला नव्हता त्यो.”

डब्यात पाच पट्ट्या उरल्या होत्या. सकाळी दोन पिंजरे टांगले, एक गोठ्यापासून लांब पूर्वेच्या कुडाला, दुसरा उत्तरेच्या वळचणीखाली. मग मला पुन्हा भोवळ आली. गिरजाबाईने कैरीचे पन्हे पाजून आत निजवले आणि दार ओढून घेतले. मी दिवसभर गुंगीत होतो. मधूनच बाहेर लिंबाजीचा आवाज येई, बहिणीशी कशावरून तरी वाद चाललेला.

उन्हे कलल्यावर उठून बाहेर आलो. पूर्वेची पट्टी काढून पाण्यात बुडवली. एक. मग उत्तरेच्या पिंजऱ्याकडे गेलो आणि थबकलो. त्याच्या वर एक मातीचे मडके टांगले होते. बुडाला भोक, भोकात चिंधीची वात, आणि वातीतून थेंब थेंब पाणी मलमलीवर ठिबकत होते. मलमल ओली झाली होती. आतली पट्टी भिजली नव्हती, पण दमट झाली होती. मी ती बाहेर काढली. बुडवायच्या आधीच ती निळी होती. बुडवल्यावर रंगपट्टीशी धरली. सात.

“हे कोणी केलं?” माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला.

गिरजाबाई चुलीपासून उठून आली. लिंबाजी म्हणाला, “मी सांगत व्हतो आक्काला, हात लावू नगंस. ऐकलं न्हाई.”

“तू गप,” ती म्हणाली, आणि मला म्हणाली, “गळती लावली बाबा. वैशाखात म्हादेवाच्या पिंडीवर लावतो तशी. देवाला बी तहान लागती ह्या उन्हात. तुमच्या लेकराची वस्तू दिसभर झळीत लटकून राह्यलेली. त्यो गेला तवा अंगात ताप व्हता म्हनं. मला बघवलं न्हाई.”

मी पट्टी उजेडाकडे धरली.

“नासलं का वो काई?”

“नाही,” मी म्हणालो. खोटे बोललो. ओट्यावर बसून वही उघडली, पेन्सिलीने सात लिहून त्यापुढे ‘रद्द’ लिहिले. तसे लिहायला आधार होता. बिघडलेल्या पट्ट्यांपुढे दिनूही तसेच लिहीत असे. पूर्वेचा एक धरायचा, वही पुरी झाली, त्याचे म्हणणे पक्के झाले. सकाळी निघायचे ठरवले.

पण ती निळी पट्टी मला फेकवेना. मी तिच्याकडे बघत बसलो. एकाच अंगणातली एकच हवा. वीस पावलांचे अंतर. एकीकडे एक, एकीकडे सात.

सकाळी लिंबाजीने बैल जुंपायच्या आधी मी त्याला दोन्ही पट्ट्या दाखवल्या. त्याने विचार केला. “पान्यानंच निळी झाली असंल की, गुरुजी. मंग हवा हवा काहून करता? पानीच मोजा.”

“पाण्याने होत नाही. संध्याकाळी सगळ्याच पाण्यात बुडवतो. फिकट होती ती फिकटच राहते.”

“ती घडीभर. ही दिसभर भिजली.”

गिरजाबाई अंगणात सडा टाकत होती. तिने न थांबता म्हटले, “सुकी मेंदी हातावर ठिवली तर रंगती का? पानी लागतंच. म्हनून काय पान्यानं हात रंगतोय?”

मी उभा राहिलो. एवढे साधे होते. पट्टीवरचा क्षार कोरडा असेल तर हवेतला ओझोन त्याला फारसे काही करू शकत नसेल. ओल असेल तर करेल. मग पावसाळ्यातले आठ ओझोनचे किती आणि ओलीचे किती? जांब नदीच्या बाजूचे म्हणून मोठे, धावडा माळाचे म्हणून लहान, हिवाळा मधला, वैशाख कोरडा ठाक. दिनूच्या वहीतला ऋतूंचा आणि गावांचा सगळा चढउतार माझ्यापुढे घागरीतल्या पाण्यासारखा हिंदकळला.

मी लिंबाजीला बैल बांधायला सांगितले. तीन पट्ट्या उरल्या होत्या.

“आज न्हाई निघायचं?”

“उद्या.”

“मास्तर बी असंच करायचे,” तो म्हणाला, आणि बैलांपुढे कडबा टाकला.

पहिली पट्टी पूर्वेला, कोरडी. दुसरी उत्तरेला, गळतीखाली. गिरजाबाईला मीच मडके भरायला सांगितले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि भरले. तिसरी हलकेच ओली करून डब्यातल्याच, दिनूच्या रसायनांच्या एका रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या बाटलीत घातली, बूच घट्ट लावले, आणि ती बाटली उत्तरेच्याच वळचणीखाली सावलीत ठेवली. पाण्यानेच निळे होणार असेल तर हीसुद्धा होईल. हवा लागणे गरजेचे असेल तर ही पांढरी राहील. अशी एखाद्या प्रश्नाची दोन तोंडे बांधून वाट बघायला मी कधी बसलो नव्हतो. त्या दिवशी सावलीत बसून मला पहिल्यांदा समजले की माझा मुलगा या मुलखात एकटा नव्हता. त्याला ही सोबत होती.

पण सोबतीचा हा दिवस सुखाचा गेला असे मी म्हणणार नाही. दुपारभर मला मनातून वाटत होते की बाटलीतली पट्टी निळी व्हावी. म्हणजे पाण्याचाच खेळ ठरला असता, कालची ‘रद्द’ योग्य ठरली असती, आणि वही तशीच पाठवता आली असती. तीस वर्षे मी मुलांच्या वह्यांतल्या चुका काढल्या. या एका वहीत मला एकही काढायची नव्हती.

डोंगराच्या कडेला सूर्य टेकला तेव्हा तिघेही जमलो. कोरडी: एक, जेमतेम. गळतीखालची: सात, कालच्याहून किंचित गडदच. बाटलीचे बूच लिंबाजीने काढले, पट्टी मी चिमट्याने बाहेर घेतली.

पांढरी. नुसती पांढरी.

“मंग हवेतच हाय म्हना की,” लिंबाजी हळूच म्हणाला.

“हवेतच आहे. या उन्हातसुद्धा आहे. फक्त कागदाला तो धरता येत नव्हता.”

“म्हंजी मास्तर चुकले?”

गिरजाबाईने त्याच्याकडे असे पाहिले की तो बैलांकडे निघून गेला. मी म्हणालो, “आकडे चुकले नाहीत. त्यांचा अर्थ चुकला.” हे मी त्याच्या पाठीला सांगितले की स्वतःला, माहीत नाही.

ओट्यावर वही मांडीवर घेऊन बसलो. आधी पेन्सिलीतले ‘रद्द’ खोडून काढले. उन्हाळ्याच्या रकान्यात धावड्यापुढे एक आणि सात असे दोन्ही आकडे पेनने पक्के केले, आणि खाली कोरडा, ओला, बंद बाटलीतला, तिन्ही कागदांची हकिकत. मग मसुद्याच्या पानावर, दिनूच्या अक्षराला धक्का न लावता, खाली लिहिले: ‘वरील आकडे जसे दिसले तसे खरे आहेत. परंतु कोरड्या हवेत हा कागद ओझोन दाखवत नाही. म्हणून पावसाळ्यातला आठ आणि वैशाखातला एक यांची तुलना करता येत नाही. उन्हाळ्यात ओझोन नाहीसा होतो हा निष्कर्ष टिकत नाही. नदीकाठ आणि माळ यांतला फरकही पुन्हा तपासावा लागेल. पट्ट्या संपल्या आहेत.’ एवढे लिहायला मला खूप वेळ लागला. शेवटच्या वाक्यावर हात थांबला. पण तेही खरेच होते.

वही अशी पाठवली तर बैठकीत ती वाचली जाईल की नाही, मला सांगता येत नव्हते. सगळ्याच वह्यांना शेवट पक्का हवा असतो. या वहीचा शेवट म्हणजे एक नवा प्रश्न. पण दिनू असता तर त्याने मडक्याखालची पट्टी फेकली नसती, एवढी खात्री मला आता होती. त्याने आधी ते मडके कोणी लावले हे विचारले असते, आणि मोठ्याने नाही.

प्रत्येक ओळीच्या शेवटी एक बारीक रकाना होता: निरीक्षक. दिनूने तिथे सगळीकडे आपली आद्याक्षरे लिहिली होती. जालना, जांब आणि धावड्याची कोरडी पट्टी यांच्या ओळींत मी माझी घातली. सातच्या ओळीत आलो आणि लिहिले: ‘गिरजाबाई, धावडा.’

ती शेजारी भाकऱ्यांचे पीठ चाळत होती. “काय लिव्हलं?”

मी वाचून दाखवले.

“माझं कशाला? मी मडकं टांगलं फकस्त.”

“तेवढ्यानेच कळलं.”

“आन् पोराचं नाव?”

“त्याचं वर आहे. पहिल्या पानावर, आणि पावसाळ्या-हिवाळ्याच्या सगळ्या ओळींत.”

“मंग बराबर,” ती म्हणाली. पिठाचे हात झटकले आणि मडक्यात पाणी घालायला उठली. पिंजरा रिकामा होता. मी तिला थांबवले नाही.